तिथी कोणती, उभा कुठे?

वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळपासून बरंच आत, आमच्या वाडीचा धक्का आहे. धक्क्याकडे जाणारी पायवाट आमच्या पडवीवरून जाते. जाणारा-येणारा पडवीशी थांबून आजोबांना विचारायचा, "भरती कितीला?" आजोबा लगेच सांगत नसत. हातातलं जाळं मांडीवर ठेवून ते उलट विचारायचे, "तिथी कोणती? नि उभा कुठे राहणार?" समोरच्याने "अष्टमी, खाडीच्या तोंडावर" म्हटलं की उत्तर तयार असायचं: "आठ पाऊण सहा. सहाला." आणि तो आमच्याच धक्क्यावर थांबणारा असला तर, "आपल्याकडे पावणेसात धर."

आठ पाऊण सहा ही पाऊणकीतली ओळ. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे त्यांच्या पिढीने शाळेत घोकून पाठ केले होते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्रामुळे भरती रोज थोडी थोडी मागे सरते. पंधरा तिथींत ती बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकी ४५ धरते. तीन मिनिटांचा हा फरक साठत साठत पौर्णिमा-अमावास्येपर्यंत पाऊण तासाजवळ जातो, म्हणून पंधरवड्याच्या शेवटी आजोबा हिशोब करून वर "थोडं पुढेच धर" असं सांगायचे. नियम एकच, तोंडपाठ. बदलायच्या त्या दोनच गोष्टी, आणि त्या दोन्ही विचारणाऱ्याकडून यायच्या.

पुढे प्रोग्रॅमिंग शिकताना 'पॅरामीटर' हा शब्द आला तेव्हा वर्गात त्याची व्याख्या सांगितली गेली. मला मात्र पडवी दिसली.

२००९ साली मी भरती-ओहोटीचं एक पान तयार केलं. आजोबांची नजर अधू झाली होती, आणि वाडीतली तरणी मुलं पंचांग बघत नव्हती. वर्षभराच्या वेळा एका एक्सएमएल फाइलीत भरल्या. छापील तक्त्यांमध्ये मोठ्या बंदरांच्या वेळा असतात आणि लहान जागांसाठी नुसता फरक दिलेला असतो: अमुक बंदराच्या वेळेत इतकी मिनिटं मिळवा. मीही तसंच केलं. खाडीच्या तोंडाच्या वेळा मूळ धरल्या, आमच्या धक्क्याला आजोबांचा पाऊण तास लावला, आणखी दोन जागांचे फरक वाडीतल्या जाणत्यांना विचारून घेतले. या कच्च्या माहितीला तक्त्याचं रूप द्यायचं काम एक्सएसएलटीचं. एक्सएमएलमध्ये नुसती माहिती असते. ती कशी मांडायची याचे नियम वेगळ्या फाइलीत असतात, तिला स्टाइलशीट म्हणतात. त्या स्टाइलशीटच्या डोक्यावर मी दोन पॅरामीटर लिहिले. एकाचं नाव 'दिवस', दुसऱ्याचं 'बंदर'. हो, देवनागरीत. एक्सएमएलमध्ये नावं देवनागरीत चालतात, आणि आपल्या खाडीची फाइल आपल्या लिपीत वाचता यावी असं मला मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. एके ठिकाणी 'बंदर' आणि दुसरीकडे 'बन्दर' लिहिलं तर आपल्याला तो एकच शब्द, यंत्राला दोन. आणि स्टाइलशीटला ठाऊक नसलेल्या नावाचा पॅरामीटर पाठवला तर ती तक्रार करत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाते.

'बंदर'ला एक डीफॉल्ट किंमतही दिली. कुणी काहीच सांगितलं नाही तर कुठल्या जागेच्या वेळा दाखवायच्या? मी आमचा धक्का लिहिला. त्या वेळी दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

एक्सएसएलटी १.० चं प्रमाण वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रसिद्ध केलं. संपादक जेम्स क्लार्क. त्यात स्टाइलशीटच्या पॅरामीटरचं सगळं काही सांगितलं आहे: तो कुठे लिहायचा, डीफॉल्ट कशी द्यायची, नियमांत कसा वापरायचा. एक गोष्ट मात्र त्यात मुद्दाम बाहेर ठेवली आहे. बाहेरच्या जगातून ही किंमत स्टाइलशीटपर्यंत कोणत्या मार्गाने पोचवायची हे आम्ही ठरवत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं पुढे गेले. पुढची तीन वर्षं मला जे जे अडलं, ते त्या एका वाक्यातून निघालं होतं. दार कुठे आहे ते सांगितलं, दाराशी कोण येणार ते प्रत्येकाने आपापलं ठरवलं.

पहिली गाठ कमांड लाइनवर, म्हणजे आदेश टाइप करून काम करायच्या जागी, पडली. लिनक्सवर एक्सएसएलटीप्रॉक नावाचं साधं, भक्कम साधन आहे, लिबएक्सएसएलटी या ग्रंथालयावर, म्हणजे तयार कोडच्या संग्रहावर, चालणारं. त्याला पॅरामीटर द्यायचे दोन पर्याय: 'पॅराम' आणि 'स्ट्रिंगपॅराम'. मी छोटं नाव निवडलं, बंदर म्हणून 'तोंड' दिलं आणि तक्ता कोरा आला. चूक दाखवणारी एक ओळही नाही. रात्री जेवणाची ताटं वाढून झाली तरी मी त्या कोऱ्या तक्त्यासमोरच होते. कारण असं की 'पॅराम'ला दिलेला मजकूर हा मजकूर समजला जात नाही, ती एक्सपाथची, म्हणजे एक्सएमएलमधून हवा तो भाग निवडायच्या भाषेची, पदावली समजली जाते. मी 'तोंड' म्हटलं, त्याने माझ्या फाइलीत 'तोंड' नावाचा घटक शोधला, तो सापडला नाही, आणि त्याने रिकामा संच हातात ठेवला. डीफॉल्टही लागली नाही, कारण किंमत तर दिलेली होती. ती रिकामी होती इतकंच. शब्द शब्द म्हणूनच पोचवायचा तर अवतरणचिन्हांच्या आत अवतरणचिन्हं घालायची, नाहीतर सरळ 'स्ट्रिंगपॅराम' वापरायचं. बाहेरच्या माणसाने टाइप केलेली गोष्ट तर 'पॅराम'मधून कधीच आत घेऊ नये. ती पदावली म्हणून चालवली जाते, आणि पदावलीत दुसरी फाइल उघडायचा आदेशही लिहिता येतो.

दुसरी गाठ याच्या नेमकी उलटी. 'दिवस' हा पॅरामीटर मी चौकटी कंसात घालून महिन्यातली तेवढ्या क्रमांकाची ओळ उचलत होते. कमांड लाइनवर 'पॅराम'ने ३ दिले की तिसरी ओळ यायची, कारण तिथे ३ हा आकडा असतो. तीच फाइल सर्व्हरवर पीएचपी या भाषेतून चालवली आणि ३ मागितल्यावर अख्खा महिना आला. पीएचपीकडून पॅरामीटर मजकूर म्हणून जातो. चौकटी कंसात आकडा असेल तर एक्सपाथ तेवढ्या क्रमांकाची वस्तू देतो. मजकूर असेल तर तो रिकामा आहे की नाही एवढंच बघतो. '३' रिकामा नाही, म्हणजे अट खरी, म्हणजे सगळ्या ओळी पात्र. याच न्यायाने 'फॉल्स' हा शब्द मजकूर म्हणून आला तर तोही खरा ठरतो. आत घेताक्षणी त्याचा आकडा करून घ्यायचा, एवढाच यावर उपाय. स्टाइलशीटचं एक अक्षरही न बदलता, निरोप आणणारा बदलला म्हणून उत्तर बदलतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पान चालू झालं. सर्व्हरवर हे काम समाधानाचं होतं, ते का ते सांगते. पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे बंदराचं नाव लिहिलेलं असायचं. विनंती सर्व्हरच्या हातात पडायची, तो ते नाव वाचायचा, यादीशी ताडून बघायचा, स्टाइलशीटला द्यायचा आणि तयार तक्ता धाडायचा. विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्या मधे एक जागा माणूस उभा होता. मी आजोबांना एक दिवस पानावरून वाचून दाखवलं. त्यांनी मनातल्या मनात पाऊणकी केली, दहा मिनिटांचा फरक निघाला, तो त्यांनी मान्य केला. मग विचारलं, "ह्याला कळतं का, माणूस कुठून विचारतोय ते?" मी म्हटलं, "कळतं." तेव्हा ते खरं होतं.

आजोबा २०११ च्या पावसाआधी गेले.

त्याच वर्षी माझा चुलतभाऊ मुंबईची नोकरी सोडून गावी आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. आजोबांची होडी त्याने डागडुजी करून घेतली, इंजिन बसवलं. लहानपणी तो सुट्टीतच गावी यायचा, त्यामुळे खाडी त्याला काठावरून माहीत होती, पाण्यातून नाही. विचारायला आजोबा नव्हते. माझं पान होतं.

२०१२ च्या सुरुवातीला मी ते पान दुसरीकडे हलवलं. सर्व्हरचं भाडं परवडत नव्हतं, आणि जिथे नुसत्या फाइली ठेवता येतात अशी जागा फुकट मिळत होती. ब्राउझरला एक्सएसएलटी येतं हे मला माहीत होतं. एक्सएमएल फाइलीच्या माथ्यावर स्टाइलशीटचा पत्ता सांगणारी एक ओळ लिहिली की ब्राउझर स्वतःच दोन्ही आणतो आणि तक्ता तयार करतो. मी ती ओळ लिहिली, पान उघडलं, तक्ता हुबेहूब आला. जुने दुवे तसेच चालत होते. मी समाधानाने झोपले.

शिमग्याला गावी पालखीची धांदल. पौर्णिमेच्या आधी दादाने तालुक्याच्या गावातून पानाची छापील प्रत आणली होती, तोंडाजवळच्या बंदराचा दुवा उघडून. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती होडीत ठेवली. पौर्णिमेला तो कोळंबी घेऊन समुद्रावरून परत येत होता. कागदावर भरती सव्वाबाराची होती. तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, तो भरतीनंतर दीड तासापर्यंत होडीला जाऊ देतो हे त्याला माहीत होतं. त्याने हिशोब करून पावणेदोनला पट्टा गाठला. तोंडावरची खरी भरती साडेअकराला होऊन गेली होती. पौर्णिमेचं उधाण, पाणी चढतं तसंच झपाट्याने उतरतं. होडी वाळूवर बसली ती रात्री साडेनऊनंतर पुढच्या भरतीचं पाणी आल्यावर उठली. तोवर फाल्गुनातल्या उन्हात बर्फ विरघळून गेला होता. माणसं सुखरूप होती. कोळंबी टाकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद माझ्यासमोर ठेवला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "बाय, हे आपल्या धक्क्याचं आहे ना?"

मी कागद बघितला. मथळा होता 'भरती-ओहोटी', खाली महिना. बंदराचं नाव कुठेच नव्हतं. मी ते मथळ्यात छापलंच नव्हतं, कारण विचारणाऱ्याला आपण काय विचारलं ते ठाऊक असतंच असं मी गृहीत धरलं होतं.

काय झालं ते कळायला मला दहा मिनिटं लागली, आणि ते अजून मनातून गेलेलं नाही. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे लिहिलेलं बंदर आता वाचणारं कुणी नव्हतं. फाइली ठेवणारा सर्व्हर ते बघत नाही; त्याला फाइलीच्या नावाशी काम. ब्राउझर स्टाइलशीट चालवतो, पण एक्सएसएलटी १.० ला आपण कोणत्या पत्त्यावरून उघडले गेलो हे विचारायची सोयच नाही. आणि माथ्यावरच्या त्या ओळीत स्टाइलशीटचा पत्ता आणि प्रकार सांगता येतो, पॅरामीटर सांगायला जागा नाही. म्हणजे निरोप देणारा होता, घेणारा होता, मधला गेला होता. अशा वेळी भाषेच्या नियमानुसार जे व्हायला हवं तेच झालं: किंमत आली नाही, डीफॉल्ट लागली. तक्ता नीटनेटका, सगळ्या वेळा बरोबर, फक्त दुसऱ्या जागेच्या.

त्या आठवड्यात मी ब्राउझरच्या बाजूचं जेवढं वाचता येईल तेवढं वाचून काढलं. फायरफॉक्समध्ये २००६ पासून, म्हणजे आवृत्ती २ पासून, एक सोय आहे: स्टाइलशीटच्या ओळीच्या आधी 'एक्सएसएलटी-पॅराम' नावाची आणखी एक ओळ लिहायची आणि तिच्यात नाव व किंमत द्यायची. कल्पना छान आहे, पण ती दुसऱ्या ब्राउझरांनी घेतली नाही. शिवाय ती ओळ फाइलीत आधीच लिहिलेली असते. ती माणसागणिक बदलायची तर पुन्हा सर्व्हरच लागतो, आणि सर्व्हर असेल तर मग तक्ता त्यानेच का करू नये? दुसरा मार्ग, हवी ती माहिती वेगळ्या एक्सएमएल फाइलीत ठेवून 'डॉक्युमेंट' फंक्शनने ओढून घ्यायची. सेटिंगसाठी ते बरं पडतं, पण आत्ता समोर बसलेला माणूस कुठे उभा आहे हे त्या फाइलीला कुठून कळणार?

खरा मार्ग जावास्क्रिप्टचा, म्हणजे ब्राउझरातच चालणाऱ्या प्रोग्रॅमचा. एक्सएमएल थेट उघडायचं नाही. आधी साधं एचटीएमएल पान उघडायचं, त्यातल्या स्क्रिप्टने पत्त्यातून बंदर वाचायचं, दोन्ही फाइली आणायच्या, 'एक्सएसएलटीप्रोसेसर' तयार करायचा, 'इम्पोर्टस्टाइलशीट'ने स्टाइलशीट द्यायची, 'सेटपॅरामीटर'ने बंदर सांगायचं, आणि 'ट्रान्सफॉर्मटूफ्रॅग्मेंट'ने तयार झालेला तुकडा पानात चिकटवायचा. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये हेच काम मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएलने व्हायचं, तिथे 'ॲडपॅरामीटर' होतं. एकात पहिल्यांदा नेमस्पेस (नाव कोणत्या गटातलं ते) आणि मग नाव, दुसऱ्यात पहिल्यांदा नाव. दोन्ही वाटा लिहिल्या, दोन्ही तपासल्या. स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझरातला तो मधला माणूस. तो तिथे उभा करावा लागतो, आपोआप नसतो.

आणि डीफॉल्ट काढली.

याबद्दल माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे. अक्षराचा आकार, रंग, तक्त्यातल्या ओळींचा क्रम यांना डीफॉल्ट असावी, जरूर असावी. जिच्यावर कुणी होडी पाण्यात घालणार आहे अशा गोष्टीला नसावी. एक्सएसएलटी २.० मध्ये, २००७ साली, पॅरामीटर 'आवश्यक' आहे असं लिहायची सोय आली. तो दिला नाही तर काम तिथेच थांबतं. ब्राउझर मात्र १.० वरच राहिले. म्हणून मी 'बंदर'ची मूळ किंमत रिकामी ठेवली आणि सुरुवातीच्याच नियमात एक अट घातली: बंदर रिकामं असेल किंवा यादीत नसेल तर तक्ता काढायचाच नाही. त्या जागी मोठ्या अक्षरांत एकच ओळ, 'उभे कुठे राहणार?', आणि खाली चार जागांचे दुवे. मथळ्यात बंदराचं नाव, आणि तेही हाताने लिहिलेलं नाही, त्याच पॅरामीटरमधून छापलेलं. कागद पिशवीतून काढला की पहिल्यांदा तेच दिसावं.

ही व्यवस्था बरीच वर्षं टिकली. २०२५ मध्ये क्रोमच्या चमूने ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकायची योजना जाहीर केली. वापर कमी, आतलं ग्रंथालय जुनं, आणि त्यात सुरक्षेची छिद्रं निघत राहतात, ही त्यामागची कारणं. मला वाईट वाटलं. पुढे कुणी माहिती एका फाइलीत आणि नियम दुसरीत असं ठेवून नुसतं ब्राउझरवर सोपवू शकणार नाही. पण आमच्या पानापुरतं मी वेळेआधीच आवरून घेतलं. आता वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्याच लॅपटॉपवर एक्सएसएलटीप्रॉक चार वेळा चालतं, 'स्ट्रिंगपॅराम'ने दर वेळी वेगळं बंदर घेऊन. चार तयार पानं निघतात, प्रत्येकाच्या पत्त्यातच बंदराचं नाव. मधे हरवायला निरोपच उरलेला नाही. स्टाइलशीट तीच, २००९ ची, फक्त २०१२ च्या दुरुस्त्यांसह.

पावसाळ्यात हा तक्ता अपुरा पडतो, हेही पानावर लिहिलेलं आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वरून नदीचा लोंढा आणि खालून भरती अशी दोन्हीकडून खाडी भरली होती. सह्याद्रीवर किती कोसळलं हा पॅरामीटर माझ्या फाइलीत नाही, आणि तो असल्याचा आव ती आणत नाही.

परवा दादाचा फोन आला. खाडीच्या पलीकडच्या काठाला, दोन वळणं आत, कालवांसाठी एक जागा बघतोय म्हणाला. "तिथली भरती कितीला, बाय?" यादीत ती जागा नाही. अंदाजाने आमच्या धक्क्याच्या जवळपास असेल, पण मी ते बोलले नाही. त्याला म्हटलं, तिथे चिखलात एक सरळ बांबू रोव, त्यावर वीतवीतभर खुणा कर, आणि पंधरा दिवस पाणी वर चढायचं थांबलं की वेळ टिपून ठेव. सोबत तिथीही लिही.

आज तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. त्याचा पहिला आकडा आला आहे: तीन वाजून दहा मिनिटं.